रिसॉर्ट मोठं होतंय, मग आमच्या आठवड्याचं काय?

या वेळच्या टपालात टाइमशेअरचे, म्हणजे रिसॉर्टची मेंबरशिप घेऊन दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याच्या योजनेचे, प्रश्न जास्त आलेत आणि त्यातही 'आमच्या रिसॉर्टला नवी बिल्डिंग होतेय' हाच सूर, म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देतेय. इन्कम टॅक्सवाले पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न : मॅडम, मी बँकेतून रिटायर झालोय, कोथरूडला राहतो. महाबळेश्वरच्या एका रिसॉर्टची २५ वर्षांची मेंबरशिप आहे, वर्षाला एक आठवडा, तारीख दरवर्षी आपण मागायची. आता पत्र आलंय की सध्याच्या ६० खोल्यांना आणखी ४० खोल्यांची विंग जोडतोय, 'सभासदांना बुकिंग सहज मिळेल'. मिसेस खूश आहेत, मला मात्र पटत नाहीये, कारण दिवाळीचा आठवडा आत्ताच मिळत नाही. आमचा फायदा आहे का? आणि मेंटेनन्स वाढेल का?
– एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड

उत्तर : काका, बँकेतल्या माणसाला हिशेब काय सांगायचा, पण मांडूनच बघू. एका खोलीचे वर्षाला ५२ आठवडे, त्यातला एखादा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची पद्धत असते, म्हणजे विकायला ५१. तुमच्या ६० खोल्यांचे झाले ३०६० आठवडे. नव्या ४० खोल्यांचे २०४०, एकूण ५१००. आता हे २०४० आठवडे कंपनी तुमची सोय व्हावी म्हणून बांधत नाहीये, विकायला बांधतेय. ते सगळे विकले गेले की दिवाळीला खोल्या १०० आणि त्यावर हक्क सांगू शकणारे ५१००, पूर्वी ६० खोल्या आणि ३०६०, म्हणजे एका खोलीमागे मेंबर तेवढेच, ५१. पंगतीत पानं वाढली पण पाहुणेही त्याच हिशेबात वाढले तर श्रीखंड कुणाच्याच वाट्याला जास्त येत नाही, तसं आहे हे.

मधला एक काळ मात्र खरंच बरा असतो, विंग उघडलीय पण मेंबरशिपा अजून विकल्या जातायत तेव्हा. खोल्या जास्त, मेंबर कमी, बुकिंग पटकन मिळतं आणि मग सगळे म्हणतात बघा कसं सुधारलं. नव्याचे नऊ दिवस. तेसुद्धा कंपनीने त्या रिकाम्या खोल्या हॉटेलसारख्या ऑनलाइन भाड्याने लावल्या नाहीत तरच. आणि उलटं झालं, म्हणजे आधी मेंबर केले आणि विंग नंतर कधीतरी, तर तोपर्यंत नव्या मेंबरांना राहायला जागा कुठली? तुमच्याच ६० खोल्या. माझ्या मते खरी काळजी इथे करायची, जिमचे फोटो कितीही छान असू देत. तेव्हा कंपनीला ईमेलने विचारा की आज एकूण मेंबर किती, चालू खोल्या किती आणि नव्या विंगच्या नावावर आत्तापर्यंत किती मेंबरशिपा विकल्यात. फोनवर विचारू नका, फोनवर सगळं गोडच असतं.

दुसरं म्हणजे खोल्या वाढतात पण बाकीचं वाढतं का बघा. एका खोलीत चार माणसं धरली तर आज २४० माणसं नाश्त्याला उतरतात, उद्या ४०० उतरतील. डायनिंग हॉल तोच, स्विमिंग पूल तोच, पार्किंग तेच, आणि मे महिन्यात पाण्याचं काय हे महाबळेश्वरला जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. शिवाय महाबळेश्वर-पाचगणी हा भाग १७ जानेवारी २००१ पासून केंद्र सरकारच्या अधिसूचनेने इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, बांधकामावर, झाडतोडीवर, उतार खोदण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे 'विंग होतेय' म्हणजे परवानगी मिळालीय की नुसता अर्ज केलाय हेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

मेंटेनन्सचं सांगते. कागदावर खरं तर तो कमी व्हायला पाहिजे, कारण वॉचमन, जनरेटर, बाग, मॅनेजरचा पगार हा खर्च आता ६० ऐवजी १०० खोल्यांत वाटला जाणार. पण कमी झाल्याचं पत्र कुणाला आलेलं मी तरी पाहिलं नाही. नवी विंग म्हणजे लिफ्ट, जास्त एसी, बंद हॉल, त्याचा चालू खर्च सगळ्यांवर बसतो आणि वर १८ टक्के जीएसटी. यात एक भेद पक्का ठेवा, इमारत चालवायचा खर्च मेंटेनन्समध्ये येऊ शकतो, इमारत बांधायचा नाही. 'डेव्हलपमेंट चार्ज', 'वन टाइम अपग्रेडेशन' असल्या नावाने काही मागितलं तर ते कराराच्या कुठल्या कलमात बसतं हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. आणि मेंटेनन्स दरवर्षी किती वाढवता येतो याचं कलम तुमच्या करारात असणार, काहींत महागाई निर्देशांकाला बांधलेलं असतं, काहींत सरळ 'कंपनी ठरवेल तसं'. दुसऱ्या प्रकारात असाल तर वाद घालायला जागा कमी आहे, हे आत्ताच सांगून ठेवते.

तुमच्यासारख्याच एका वाचकांनी, बिबवेवाडीच्या, विचारलंय की या वाढीव बांधकामाला मेंबरांची संमती लागत नाही का. रेरा (घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा) कायद्याच्या १४व्या कलमात मंजूर नकाशा बदलायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते हे खरं, पण ते फ्लॅट-प्लॉट घेणाऱ्यांसाठी. तुमच्याकडे नोंदणी केलेलं खरेदीखत असेल, खोलीत आणि जमिनीत हिस्सा असेल, तर वकिलाला कागद दाखवा, कारण नव्या विंगमुळे जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा पातळ होऊ शकतो. नुसता 'वापरण्याचा हक्क' असेल, आणि आपल्याकडच्या बहुतेक मेंबरशिपा तशाच असतात, तर त्या कलमावर विसंबून राहू नका.

प्रश्न : कंपनी म्हणते की जुन्या मेंबरांना नवीन विंगमध्ये राहायचं असेल तर 'अपग्रेड' करा, दोन लाख भरा. आमचं रिसॉर्ट तेच, मग परत पैसे कशाचे?
– सहकारनगर

उत्तर : करार काढा आणि पहिल्या दोन पानांवर 'रिसॉर्ट' शब्दाची व्याख्या वाचा. 'सध्याच्या आणि भविष्यातील सर्व बांधकामासह' असं काही असेल तर नव्या खोल्याही तुमच्याच, दोन लाख कशाचे हे त्यांनी सांगायचं. व्याख्येत ठरावीक बिल्डिंग किंवा ठरावीक प्रकारची खोली लिहिली असेल तर नव्या विंगवर तुमचा हक्क नाही, पण मग उलट बाजूने हेही विचारा की नव्या विंगचे मेंबर आमच्या बिल्डिंगमध्ये बुकिंग करू शकतात का. करू शकत असतील आणि आपण मात्र तिकडे नाही, तर हा व्यवहार एकतर्फी झाला आणि हे लेखी हरकत घेण्यासारखं आहे.

आणि अपग्रेड करायचंच ठरलं तरी सही करण्याआधी बघा की तो जुन्याला जोडलेला कागद आहे की अख्खा नवा करार. नवा असेल तर जुना रद्द, आणि जुन्यातलं मेंटेनन्सचं मर्यादेचं कलम, न वापरलेले आठवडे पुढे नेण्याची सवलत, सगळं त्याच्याबरोबर जातं. माझ्या मते बऱ्याच ठिकाणी कंपनीला दोन लाखांपेक्षा हेच जास्त हवं असतं.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं आयटीत, वाकडला राहतो. मॉलमध्ये कूपन भरलं, 'गिफ्ट लागलं' म्हणून फोन आला, नवरा-बायको दोघांनी या म्हणाले, हॉटेलात दोन तास प्रेझेंटेशन झालं. जुन्या रिसॉर्टच्या 'फेज टू'मध्ये प्री-लाँच भावात मेंबरशिप आहे, ईएमआय चालेल, पण भाव आज रात्रीपर्यंतच. सही नाही केली अजून. काय करू?
– वाकड

उत्तर : सही केली नाहीस ते उत्तम. तो रात्रीपर्यंतचा भाव परवाही मिळतो, चारदा नाही म्हटलं तर अजून खालीही येतो.

टॅबवर दाखवलेली बिल्डिंग उभी आहे का एवढं आधी विचार. नसेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत राहायला कुठे देणार आणि विंग झालीच नाही तर पैसे किती दिवसांत परत, हे करारात लिहून घे, सेल्सवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर नाही. डोंगरातल्या साइटला 'पुढच्या दिवाळीला ताबा' सांगतात तेव्हा जून ते सप्टेंबर बाहेरचं काम जवळपास बंद असतं हे धरून चाल. ईएमआय असेल तर कर्ज बहुतेक वेळा वेगळ्या फायनान्स कंपनीचं असतं, मेंबरशिप रद्द केलीस तरी हप्ता आपोआप थांबत नाही. आणि आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे सही केल्यावर किती दिवसांत रद्द करून पूर्ण पैसे मिळतात हे कंपनीच्या करारावरच आहे, ते कलम सापडलं नाही तर उठून या.

आणि परत विकण्याचं स्वप्न दाखवत असतील तर हसून सोडून दे. जुने मेंबर फेज वनची मेंबरशिप कितीला विकायला बसलेत ते आधी शोध, म्हणजे फेज टूची खरी किंमत कळेल.

प्रश्न : मुलगी-जावई फ्लोरिडात आहेत, डिस्नेच्या टाइमशेअरचे पॉइंट्स घ्यायचं म्हणतायत. तिथेही नवा टॉवर झाल्यामुळे जुन्या लोकांची तक्रार होती असं जावई सांगत होते. आपल्यासारखंच का?
– औंध

उत्तर : थोडं तसंच, पण तिथे निदान नियम आधी छापलेले असतात. तिथे आठवड्याऐवजी दरवर्षी मिळणारे पॉइंट्स विकत घेतात आणि ते खर्चून खोली बुक करतात. डिस्ने व्हेकेशन क्लबचं पॉलिनेशियन व्हिलाज २०१५ मध्ये सुरू झालं, त्याचा आयलंड टॉवर १७ डिसेंबर २०२४ ला उघडला. कळीचा मुद्दा होता की टॉवर वेगळी संस्था होणार की जुन्याच असोसिएशनमध्ये (त्या रिसॉर्टच्या पॉइंट्सवाल्या मालकांच्या संस्थेत) येणार, आणि तो जुन्यातच आला. त्यामुळे जुन्या मालकांना टॉवरच्या खोल्याही ११ महिने आधीपासून बुक करता येतात, इतर रिसॉर्टच्या मालकांना ७ महिने आधी. पण टॉवरच्या नावाने पॉइंट्स घेणारे नवे लोकही त्याच ११ महिन्यांत जुन्या खोल्यांसाठी रांगेत, म्हणून नाराजी. एकाला मिळालं तेच दुसऱ्याचं गेलं.

तुमच्या मुलीला यात फायद्याची एक गोष्ट आहे. २०१९ पासून डिस्नेने नव्या रिसॉर्टांचे सेकंडहँड पॉइंट्स फक्त त्याच रिसॉर्टपुरते ठेवलेत, पण हा टॉवर जुन्या असोसिएशनमध्ये असल्याने पॉलिनेशियनचे सेकंडहँड पॉइंट्स घेतले तरी टॉवर मिळतो. तेव्हा कंपनीकडूनच घ्यायच्या आधी रिसेलचे भाव बघू देत. मुदत जुन्या खोल्या आणि टॉवर, दोन्हीची जानेवारी २०६६ पर्यंतच, आणि कंपनीकडून घेतलं तर फ्लोरिडाच्या कायद्याने १० दिवसांत रद्द करता येतं.

प्रश्न : सुट्टीला गेलो तर शेजारी नव्या फेजचं काम, सकाळी आठपासून ड्रिलिंग, पूल बंद. रिसेप्शनवाला म्हणे 'बुकिंगच्या वेळी सांगितलं असेल'. सांगितलं नव्हतं. आठवडा वाया गेला, काही मिळेल?
– हडपसर

उत्तर : मिळू शकतं, पण घरी येऊन महिनाभर बसू नका. व्हिडिओ काढले असतील तर ते, बुकिंगचा ईमेल ज्यात कामाचा उल्लेख नाही तो, आणि पूल बंदच्या बोर्डाचा फोटो जोडून आत्ताच लिहा आणि थेट मागा की हा आठवडा पुढच्या वर्षी परत द्या किंवा या वर्षीचा मेंटेनन्स माफ करा. 'योग्य ती कार्यवाही करावी' असलं लिहू नका, त्यांना काय करायचं तेच कळत नाही आणि कळलं तरी करत नाहीत. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही जमलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, रिसॉर्ट परराज्यात असलं तरी पुण्याचा जिल्हा आयोग चालतो, मुदत २ वर्षं आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. काम अजून चालू असेल तर पुढचं बुकिंग करताना 'शेजारी बांधकाम आहे का' एवढं ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.