परसबाग : जागा गटाची, वाफे जिचे तिचे

प्रश्न : शाळेमागची 3 गुंठे जागा ग्रामपंचायतीने आमच्या बचत गटाला परसबागेसाठी दिली आहे. आम्ही दहाजणी आहोत. पावसाळ्यात सगळ्या यायच्या, आता दोघी-तिघीच पाणी घालतात. भाजी मात्र सगळ्यांना हवी असते. काय करावं? (गटाच्या सचिव, जि. यवतमाळ)

ताई, ‘सगळ्यांनी मिळून सगळं’ हे बैठकीत छान वाटतं, बागेत टिकत नाही. राबणारीला आणि न राबणारीला सारखीच जुडी मिळाली की राबणारीचाही उत्साह मावळतो. म्हणून जागा गटाचीच ठेवा, वाफे मात्र वाटून द्या.

3 गुंठे म्हणजे 3267 चौरस फूट. वाफा 3 फूट रुंद आणि 10 फूट लांब, मधली वाट दीड फुटाची. रुंदी याहून वाढवू नका. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर खुरपताना पाय वाफ्यात पडतो आणि माती दबते. वाटा धरून असे 50 वाफे सुमारे 2600 चौरस फुटांत बसतात, म्हणजे प्रत्येकीला पाच. उरलेल्या जागेत वेलांचा मांडव, रोपांसाठी गादीवाफा आणि कंपोस्टचा खड्डा करा. तेवढंच सामाईक. शेवगा-पपई उत्तरेच्या कडेला लावा, म्हणजे वाफ्यांवर सावली येत नाही.

पाचही वाफे एकदम पेरू नका. मेथी महिनाभरात काढणीला येते. सगळी एकाच दिवशी पेरली तर आठवडाभर घरात मेथीच मेथी, आणि मग वाफे रिकामे. दर आठ दिवसांनी एक वाफा पेरा. मेथी-पालकाचं बी वाफ्याला साधारण 10 ग्रॅम, ओळींत वीतभर अंतर. माठाचं बी बारीक असतं, चिमूटभर पुरतं. वाळूत मिसळून फेका. विहिरीला मेपर्यंत किती पाणी राहील याचा अंदाज फेब्रुवारीतच घ्या आणि तेवढेच वाफे चालू ठेवा.

पैशाचं आधीच ठरवा : मांडवावरच्या भाजीची विक्री गटाच्या खात्यात, वाफ्यातल्या भाजीचे पैसे जिचे तिच्या हातात. दुसरा मुद्दा गटाच्या ठराववहीत नक्की लिहा, कारण घरी वाद होतो तो याच पैशावरून. आणि हो, जागेसाठी ग्रामपंचायतीच्या ठरावाची प्रत मागून घ्या. तोंडी दिलेली जागा बाग फुलली की हमखास परत मागतात.

प्रश्न : दुध्याला फुलं भरपूर येतात, पण बोटाएवढं फळ धरलं की पिवळं पडून गळतं. औषध कोणतं मारावं? (वाचक, जि. नाशिक)

आधी गळलेलं फळ चिरून पाहा. आत अळ्या असतील किंवा सालीवर डिंकासारखा थेंब दिसत असेल तर ती फळमाशी. अशी फळं कंपोस्टमध्ये टाकू नका, दीड-दोन फूट खोल पुरा. क्यू ल्यूरचा, म्हणजे माश्यांना ओढणाऱ्या वासाचा, सापळा लावा, पण त्यात फक्त नर माश्या येतात. फळं वेचणं थांबवलंत तर नुसत्या सापळ्याने काही होणार नाही.

फळ आतून स्वच्छ असेल तर परागीभवन झालेलं नाही, आणि त्यावर औषध नाही. दुध्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या जवळपास नसतात. बारीक दांड्यावरचं नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. मादी फुलाच्या मागे इवलासा दुध्या असतोच, ओळखायला सोपं. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. युरिया टाकत असाल तर बंद करा, त्याने वेल नुसता पानं काढत बसतो.

प्रश्न : दरवर्षी बियाण्याची पाकिटं घ्यावी लागतात. घरचं बी धरता येईल का? (वाचक, जि. अहिल्यानगर)

पाकिटावर ‘संकरित’ लिहिलेलं असेल तर नको, पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत. देशी किंवा सुधारित वाणाचं जरूर धरा. तुमच्याच जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 ची पद्मश्री मिळाली ती देशी बियाणं जपण्यासाठीच. सुरुवात मेथी आणि टोमॅटोपासून करा, त्यांचं परागीभवन बहुतेक स्वतःच्याच फुलात होतं. दुध्याचे दोन वाण शेजारी असतील तर बी मिसळतं. एकच वाण असेल तर जोमदार वेलावरचं एक चांगलं फळ राखून ठेवा; साल लाकडासारखी कडक झाली आणि हलवल्यावर बिया खुळखुळल्या की उतरवा. बिया सावलीत सुकवा आणि चाळलेल्या राखेत घालून डब्यात भरा. डब्यावर वाणाचं नाव आणि वर्ष लिहायला विसरू नका.