पन्हा तीन, असेंब्ली एक

प्रश्न: आम्ही चादर आणि टॉवेलच्या कारखान्यांना कापड तपासणीची टेबलं बनवून देतो. पन्हा 60, 72 आणि 90 इंच, आणि प्रत्येकात दोन प्रकार: मोटरचं आणि हँडलचं. सॉलिडवर्क्समध्ये (संगणकावर त्रिमितीय डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) आजवर सहा वेगळ्या असेंब्ली, म्हणजे पार्ट जोडून केलेल्या पूर्ण टेबलाच्या फाइली, होत्या. एक ब्रॅकेट बदललं की सहा फाइली उघडायच्या. आता एका फाइलमध्ये सहा कॉन्फिगरेशन (एकाच मॉडेलचे वेगवेगळे प्रकार) केली, तर मोटर सप्रेस केल्यावर, म्हणजे त्या प्रकारातून वगळल्यावर, चेनगार्ड आणि दिव्याचा स्विचबॉक्स जागा सोडतात. शिवाय 90 मध्ये टाकलेला मधला सपोर्ट 60 मध्येही दिसतो. काय चुकतंय?
— अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

उत्तर: सहा फाइली सोडल्यात हे योग्यच केलंत. घोळ मेट्समध्ये, म्हणजे एक पार्ट दुसऱ्याला जोडून त्याची जागा ठरवणाऱ्या बंधनांमध्ये, आहे. चेनगार्ड तुम्ही मोटरच्या पायाला मेट केलेला असणार. एखादा पार्ट सप्रेस झाला की त्याला जोडलेले मेट्सही सप्रेस होतात. लाल खूण येत नाही, काही तक्रार येत नाही. चेनगार्ड मोकळा होतो, ट्रीमध्ये (बाजूच्या पार्टांच्या यादीत) त्याच्या नावाआधी वजाचं चिन्ह येतं आणि माउसचा धक्का लागला की तो सरकतो. जो पार्ट एखाद्या प्रकारात नसणार आहे, त्याच्यावर दुसऱ्या कशाचीही जागा अवलंबून ठेवू नका. चेनगार्ड, स्विचबॉक्स आणि मधला सपोर्ट फ्रेमच्या मूळ प्लेन्सना (मॉडेलमधल्या काल्पनिक सपाट पातळ्यांना) मेट करा. फ्रेम सहाही प्रकारांत असते.

मोटर, गिअरबॉक्स आणि त्यांची बेसप्लेट यांची एक सब-असेंब्ली करा, हँडल आणि त्याच्या ब्रॅकेटची दुसरी. मग वरच्या असेंब्लीत दोन्हींपैकी एक चालू, एक सप्रेस, एवढंच उरतं. लपवून काम भागवू नका: हाइड केलेला पार्ट बीओएममध्ये (लागणाऱ्या मालाच्या यादीत) मोजला जातो आणि हँडलच्या टेबलासाठीही मोटरची खरेदी निघते.

मधल्या सपोर्टचं कारण वेगळं. प्रत्येक कॉन्फिगरेशनच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सखाली ‘सप्रेस न्यू कम्पोनंट्स’ असा चौकोन आहे. त्यावर खूण असेल, तर दुसऱ्या कॉन्फिगरेशनमध्ये टाकलेला नवा पार्ट इथे आपोआप सप्रेस राहतो. खूण सहाही ठिकाणी करावी लागते. ज्यात नसेल तिथे पार्ट घुसणारच. डायमेन्शन बदलतानाही ‘धिस कॉन्फिगरेशन’ की ‘ऑल कॉन्फिगरेशन्स’ हे बघूनच ओके करा.

आता पन्ह्याबद्दल. तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा धोका तिथे आहे. 60 चा रोलर लांब करून 90 चा होत नाही. रोलरची लांबी 1600 वरून 2400 मिमी केली, म्हणजे दीडपट. तोच पाइप ठेवला तर स्वतःच्या वजनानं येणारा बाक लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो: 1.5 चा चौथा घात 5.06, म्हणजे पाचपट. पाइप 88.9 ऐवजी 114.3 मिमी व्यासाचा घेतला आणि जाडी तीच ठेवली, तरी बाक साधारण तिपटीवर राहतो. म्हणून 90 च्या कॉन्फिगरेशनमध्ये लांबीबरोबर पाइपचा व्यासही बदलायला हवा, आणि शाफ्ट 25 चा 30 केलात तर यूसीपी 205 बेअरिंग जाऊन यूसीपी 206 येतं.

बेअरिंग बदलताच त्याच्या बुडापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची 36.5 वरून 42.9 मिमी होते, म्हणजे 6.4 मिमी वर. पाइपची त्रिज्या 12.7 मिमीनं वाढली. रोलरचा माथा एकूण 19.1 मिमी वर गेला, आणि तपासणीची काच जागच्या जागी राहिली! कापड काचेवरून सपाट जाणार नाही. काच फ्रेमला ठरावीक उंचीवर मेट केली असेल तर स्क्रीनवर हे पटकन लक्षातही येत नाही. रोलर बेअरिंगच्या बोअरशी एककेंद्री मेट करा आणि काचेच्या ब्रॅकेटचं अंतर रोलरच्या माथ्यापासून द्या. पाइपच्या बाहेरच्या पृष्ठभागाला मात्र मेट नको, पाइप बदलला की तो मेट तुटण्याची शक्यता असते. माथ्यासाठी रोलरच्या पार्टमध्येच एक प्लेन करा, त्याचं अंतर पाइपच्या त्रिज्येइतकं.

कामाचा क्रम खालून वर. आधी फ्रेम आणि रोलरच्या पार्टमध्ये 60, 72, 90 अशी कॉन्फिगरेशन. मग वरच्या असेंब्लीत तीन पन्ह्यांची तीन, आणि प्रत्येकाखाली मोटर व हँडलची डिराइव्ह्ड (वरच्यावरून काढलेली) कॉन्फिगरेशन. डिराइव्ह्डला बाकी सगळं वरच्याकडून मिळतं, त्यामुळे पन्ह्याचा बदल एकदाच करावा लागतो. एक्सेलचं डिझाइन टेबल वापरणार असाल तर सप्रेशनच्या रकान्यात एस (सप्रेस) किंवा आर (रिझॉल्व्ह, म्हणजे चालू), आणि पार्टच्या कॉन्फिगरेशनच्या रकान्यात त्याचं नाव अक्षरशः जसंच्या तसं, इंग्रजीतच. शेवटी चुकून पडलेली एक स्पेससुद्धा चालत नाही. कुठलाही खण रिकामा ठेवू नका, नाहीतर सॉफ्टवेअर स्वतःचं ठरवतं.

सगळं झालं की सहाही कॉन्फिगरेशन एकेक करून चालू करा, रिबिल्ड करा (मॉडेल नव्यानं घडवून घ्या) आणि ट्रीमध्ये वजाचं चिन्ह शोधा. रोलरचं फिरणं मोकळं ठेवलं असेल तर त्याच्या नावाआधी ते असेल. इतर कुठेही दिसलं तर त्या पार्टचे मेट्स उघडून बघा.

प्रश्न: ड्रॉइंगमध्ये 90 च्या टेबलाचं चित्र बरोबर येतं, पण बीओएममध्ये 72 चे आकडे. आणि तिन्ही रोलरचा पार्ट नंबर एकच दिसतो.
— डिप्लोमा मेकॅनिकल, सोलापूर

उत्तर: चित्र आणि यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्ह्यूचं कॉन्फिगरेशन व्ह्यूच्या प्रॉपर्टीजमध्ये ठरतं, बीओएमचं बीओएमच्या. 72 ची शीट कॉपी करून फक्त व्ह्यू बदललात तर यादी जुनीच राहते. कापणारा माणूस यादी वाचतो, चित्र नाही, म्हणून शीट कॉपी केल्यावर आधी यादी बदला.

पार्ट नंबरसाठी रोलरच्या प्रत्येक कॉन्फिगरेशनच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पार्ट नंबर डिस्प्लेड’ ही निवड आहे. ती ‘डॉक्युमेंट नेम’वर असेल तर तिन्हींना फाइलचंच नाव येतं. ‘कॉन्फिगरेशन नेम’ किंवा ‘यूजर स्पेसिफाइड’ करा. बेअरिंगसारख्या विकतच्या वस्तूला पुरवठादाराचाच नंबर द्या.

प्रश्न: कॉन्फिगरेशन वाढवल्यापासून फाइल फार जड झाली, सेव्ह करायला वेळ लागतो.
— होटगी रोड, सोलापूर

उत्तर: कॉन्फिगरेशनवर रिबिल्ड-सेव्ह मार्क आहे का बघा. असेल तर प्रत्येक सेव्हला ते रिबिल्ड होतं आणि त्याचा सगळा डेटा फाइलमध्ये साठतो. रोज लागतं त्याच्यावरच ठेवा, बाकीच्यांवरून काढा. दुसरं, पुरवठादाराकडून आलेलं मोटरचं मॉडेल पंख्याच्या पात्यांसकट आणि बोल्टच्या आट्यांसकट तसंच आत घेतलं असेल, तर ते काढा. तुम्हाला मोटरचं बाहेरचं माप, पायाची चार भोकं आणि शाफ्टचा व्यास व लांबी एवढंच लागतं. तेवढाच साधा पार्ट करून तो जोडा.