काच समोर दिसते, मग पाणी कमी झाल्याचा भोंगा कशाला?

प्रश्न असा होता: "वेंगुर्ल्याजवळ आमचा छोटा काजू कारखाना आहे. बी उकडायला लाकूड आणि काजूच्या टरफलांवर चालणारा लहान उभा बॉयलर आहे. पाणी कमी झाल्याचा भोंगा दिवसातून दोन-चार वेळा उगाच वाजायचा, म्हणून बॉयलर चालवणाऱ्याने त्याची वायर काढून ठेवली. वडील म्हणतात, काच समोर दिसते, माणूस समोर असतो, भोंगा हवाच कशाला? खरंच लागतो का, आणि नवा घ्यायचा तर कुठला?"

उत्तर:

आधी एवढं करा. ती वायर जोडून घ्या, आणि भोंगा वाजतोय हे स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय भट्टी पेटवू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बॉयलरांच्या देखभालीचं काम करतो. आंब्याचा रस डबाबंद करणारे, काजूवाले, मासळीवाले, सगळ्यांकडे जाणं होतं. तुमच्या वडिलांसारखं बोलणारी माणसं बहुतेक ठिकाणी भेटतात, आणि ती अडाणी नसतात. उलट आयुष्यभर काच बघून बॉयलर चालवलेली असतात. काच, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी बाहेरची उभी नळी, हेच पहिलं साधन, यात वाद नाही. पण काच चुकीचं दाखवते तेव्हा ती जवळजवळ नेहमी पाणी आहे त्यापेक्षा जास्त दाखवते, आणि इथेच घात होतो.

काचेला तीन कॉक, म्हणजे लहान नळ, असतात: वरचा वाफेचा, खालचा पाण्याचा आणि तळाचा ड्रेन. पाण्याच्या कॉकची वाट गाळाने बुजली की काचेतलं पाणी तिथेच अडकतं. बॉयलरमधलं पाणी खाली जात राहतं, काचेतलं हलत नाही. शिवाय वरून येणारी वाफ काचेत थंड होऊन तिचं पाणी होतं, त्यामुळे पातळी सावकाश चढतेय असंही दिसतं. वाफेचा कॉक बुजला तर काचेच्या वरच्या भागात अडकलेली वाफ गार होते, तिथला दाब उतरतो आणि खालून पाणी वर ओढलं जातं. दोन्ही वेळी बघणाऱ्याला वाटतं, पाणी भरपूर आहे. आपल्याकडे पावसाळ्यात जांभ्याच्या विहिरींना लाल गढूळ पाणी येतं. तो गाळ बसतो तो नेमका या खालच्या कॉकमध्ये.

चालू बॉयलरच्या काचेतलं पाणी सतत बारीक थरथरत असतं. ते निवांत उभं दिसलं तर संशय घ्या. दुसरं, पूर्ण भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच लांबून एकसारखीच दिसते. म्हणून काचेच्या मागे तिरप्या काळ्या-पांढऱ्या रेघांची पट्टी लावतात. पाण्यातून पाहिलं की रेघांचा कल बदललेला दिसतो, रिकाम्या भागात तो आहे तसाच राहतो. टरफलांच्या धुराने ही पट्टी काजळून गेलेली असते आणि ती कुणी पुसत नाही. आजच पुसून घ्या.

काच दर पाळीला तपासायची. ड्रेन उघडा, पाण्याचा कॉक बंद करा: वाफ जोरात आली पाहिजे. मग पाण्याचा उघडून वाफेचा बंद करा: पाणी जोरात आलं पाहिजे. शेवटी दोन्ही उघडे ठेवून ड्रेन बंद करा, पाणी झटकन आपल्या जागी यायला हवं. रेंगाळत आलं तर वाट अर्धी बुजलीय. दोन काचा असतील तर दोन्हींची तपासणी करायची, एकीवर दुसरीची साक्ष काढायची नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. डिझेल किंवा गॅसवरच्या बॉयलरमध्ये पाणी फार खाली गेलं की पॅनेल, म्हणजे विजेचा कंट्रोलचा डबा, बर्नर बंद करतं आणि आग त्याच क्षणी विझते. लाकडाच्या आगीला असं बटण नाही. पॅनेलने ट्रिप दिली, म्हणजे आपणहून वीज तोडली, तर आगीला हवा देणारा पंखा थांबेल, पण जाळीवरची लाकडं आणि टरफलं जळतच राहतात. टरफलात तेल असतं, ती किती वेळ धगधगतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. म्हणजे तुमच्याकडे ट्रिप अर्धंच काम करते. उरलेलं अर्धं माणसाने करायचं, आणि त्याला वेळेवर बोलवायला भोंगा लागतोच.

वेळ किती मिळतो याचा हिशेब सोपा आहे. समजा बॉयलर तासाला २०० किलो वाफ करतो आणि आत पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्र अर्धा चौरस मीटर आहे. पंप बंद पडला तर तासाला सुमारे ४०० मिलिमीटर पाणी उतरेल, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ७ मिलिमीटर. भोंग्याची पातळी धोक्याच्या पातळीच्या ५० मिलिमीटर वर असेल तर हातात साधारण सात मिनिटं. तेवढ्यात माणूस बी उकडलेली टोपली रिकामी करून, काजू फोडणाऱ्या कटिंगवाल्या बायकांशी दोन शब्द बोलून परतसुद्धा येत नाही. "माणूस समोर असतो" हे खरं असलं तरी त्याची नजर सलग काचेवर नसते, आणि तशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही. त्याच्याकडे लाकडं फोडण्यापासून बी उकडायच्या कुकरचा व्हॉल्व्ह फिरवण्यापर्यंत सगळी कामं असतात.

आणि लाईट! कोकणात बॉयलर बघताना मी हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारतो. लाईट गेली की बॉयलरला पाणी देणारा फीड पंप बंद, पॅनेल बंद, पंखा बंद आणि भोंगाही बंद. चालू राहते ती फक्त आग. ज्या क्षणी भोंग्याची सर्वांत जास्त गरज, त्याच क्षणी तो मुका. म्हणून पॅनेल आणि भोंगा बॅटरीवर किंवा वेगळ्या छोट्या इन्व्हर्टरवर असलाच पाहिजे. घरच्या दिव्या-पंख्यांच्या इन्व्हर्टरला जोडू नका, तो कधी उतरलेला असेल सांगता येत नाही. शिवाय विजेशिवाय पाणी घालता येईल असं काहीतरी हवं: हातपंप, किंवा वाफेच्या जोरावर पाणी आत ढकलणारा इंजेक्टर.

कुठला घ्यायचा? लहान बॉयलरला मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक फ्लोटवाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्याचा, ज्याला सगळे मोब्रे म्हणतात. बाजूच्या डब्यात फ्लोट पाण्याबरोबर वरखाली होतो आणि चुंबकाच्या जोरावर बाहेरचा स्विच फिरवतो. दुसरा प्रोबवाला: स्टीलच्या कांड्या वेगवेगळ्या लांबीच्या, पाणी कांडीला टेकलेलं असेपर्यंत त्यातून बारीकसा प्रवाह वाहतो, पाणी सुटलं की प्रवाह तुटतो. प्रोब स्वस्त पडतो, हलणारा भाग नसतो. पण त्याच्या कांडीभोवतीच्या इन्सुलेटरवर क्षाराचा ओला थर बसला तर प्रवाह त्या थरातूनच वाहत राहतो. कांडी हवेत लटकतेय आणि पॅनेलला वाटतंय पाणी आहे. खाडीकाठच्या विहिरींना एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं, तेव्हा हा त्रास वाढतो. तुमची विहीर तशी असेल तर मी फ्लोट घ्या म्हणेन. पाणी वर्षभर गोडं असेल तर प्रोब चालेल, पण कांड्या आणि इन्सुलेटर दर महिन्याला काढून पुसायचे. प्रकार कुठलाही असो, पंप चालू-बंद करणारा आणि भोंगा-ट्रिपवाला हे दोन वेगळे ठेवा, वेगळ्या कांड्या, वेगळा रिले (विजेवर चालू-बंद होणारा स्विच). एकावरच दोन्ही ठेवले तर ज्या बिघाडाने पंप थांबतो त्याच बिघाडाने भोंगाही गप्प होतो.

विजेशिवायचं शेवटचं राखण म्हणजे फ्युजिबल प्लग. भट्टीच्या छतावर पितळी आट्यांचा प्लग, पोटात शिसं-कथलासारखा लवकर वितळणारा धातू. वरून पाणी आहे तोवर तो गार राहतो. कारण ७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबालाही पाणी १७० अंशांच्या आसपासच असतं, आणि कथील २३२ला, शिसं ३२७ला वितळतं. पाणी सरकलं की गाभा वितळतो आणि वाफ आवाज करत आगीवर येते. ही युक्ती वाफेची इंजिनं बनवणाऱ्या इंग्रज इंजिनिअर रिचर्ड ट्रेव्हिथिकची. १८०३ मध्ये इंग्लंडात ग्रीनिचला त्याचा एक बॉयलर फुटून माणसं मेली. इंजिन सांभाळणारा पोरगा मासे धरायला गेला होता आणि ते दुसऱ्या मजुराच्या हाती होतं. त्यानंतर ट्रेव्हिथिकने दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आणि शिशाचा प्लग बसवायला घेतले. दोनशे वर्षांत माणूस जागेवरून उठून जाणं काही थांबलेलं नाही. पण प्लग म्हणजे भोंगा नव्हे. तो वितळला म्हणजे छत उघडं पडून गेलेलं असतं. त्यावर क्षार चढला तर तो चुकतो, जुना झाला तर गाभ्याचा धातू बदलतो, म्हणून तो ठरावीक काळाने नवा घालायचा. वितळलेल्या प्लगच्या जागी साधा बोल्ट ठोकलेला मी पाहिला आहे. तुमच्याकडे तसा असेल तर तो आजच्या आज काढा.

भोंगा उगाच का वाजतो, हे शोधणं वायर तोडण्यापेक्षा सोपं आहे. तुमच्याकडे बहुधा कुकरचा व्हॉल्व्ह एकदम उघडला जात असावा. एकदम वाफ खेचली की दाब पडतो, आतलं पाणी बुडबुड्यांनी फुगून वर येतं आणि मग धपकन खाली बसतं. त्यात पंपाने गार पाणी टाकलं की बुडबुडे मरतात आणि पातळी आणखी उतरते. व्हॉल्व्ह हळूहळू उघडायला सांगा. पॅनेलमध्ये पाच-सात सेकंदांचा उशीर लावता येतो, तोही लावून घ्या, मात्र मिनिटभराचा नको. ब्लोडाऊन, म्हणजे तळातून गाळ-क्षाराचं पाणी सोडून देणं, रोज होत नसेल तर क्षार वाढून फेस येतो, फेसानेही पातळी नाचते. हे सगळं ठीक असेल तर टर्मिनलचा डबा उघडा. खाऱ्या हवेने तांब्याची टोकं हिरवी पडलेली असतील. टोक सैल झालं की प्रवाह तुटतो आणि पॅनेल समजतं पाणी गेलं. हा बिघाड निदान ओरडून सांगतो. त्याच डब्यात ओल शिरून दोन टोकं जोडली गेली तर भोंगा कायमचा गप्प बसतो, आणि कारखान्यात सगळे म्हणतात, आता बघा, कसा छान चाललाय.

तपासणीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. फ्लोटच्या डब्याचा ड्रेन झपकन उघडला की फ्लोट खाली ओढला जातो, भोंगा वाजतो, आणि "चालू आहे" अशी वहीत नोंद होते. पण डब्याला बॉयलरशी जोडणारा पाइप बुजलेला असला तरी ही तपासणी पास होते. म्हणून ड्रेन बंद केल्यावर डबा किती पटकन भरतो तेही बघा. आणि आठवड्यातून एकदा खरी परीक्षा घ्या: आग मंद, पंप बंद, माणूस काचेसमोर उभा, पाणी आपोआप उतरू द्या. काचेत पाणी दिसत असतानाच भोंगा वाजला पाहिजे. काच रिकामी व्हायला आली आणि आवाज नाही, तर ताबडतोब पंप चालू करून पाणी वर घ्या, आग विझू द्या आणि दुरुस्ती होईपर्यंत बॉयलर बंद ठेवा.

भोंगा वाजला आणि काच तपासूनही पाणी दिसतच नसेल, तर पंप चालू करायचा नाही. हे बॉयलरवाल्याला, तुम्हाला आणि तुमच्या वडिलांनाही पाठ हवं, कारण घाबरलेल्या माणसाचा हात आधी पंपाच्या बटणाकडेच जातो. पाणी गेल्यावर पत्रा ५०० अंशांच्या पुढे तापलेला असू शकतो, तेव्हा पोलादाची ताकद झपाट्याने उतरते, आणि त्यावर गार पाणी म्हणजे लाल तव्यावर तांब्या ओतणं. सरपण थांबवा, पंखा बंद, राखाड्याचं दार बंद, जाळीवर ओली राख किंवा माती टाका. आग उकरून बाहेर ओढू नका, उकरताना ती आणखी भडकते. मुख्य व्हॉल्व्ह आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांना हात लावू नका. बायकांना शेडबाहेर काढा आणि बॉयलर आपोआप गार होऊ द्या.

लहान बॉयलर म्हणून धोका लहान असं वाटत असेल तर एक हिशेब करून बघा. ७ किलो दाबावरचं ३०० लिटर पाणी एकदम उघड्यावर आलं तर त्यातलं साधारण १३ टक्के तत्क्षणी वाफ होतं. ती वाफ ६० घनमीटर भरते. पाच मीटर लांब, चार रुंद, तीन उंच अशी आख्खी खोली. तुमचा कटिंगचा हॉल बॉयलर शेडला लागून आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर मध्ये भिंत घालण्याचा विचार आधी करा.

कायद्याचं थोडक्यात: २५ लिटरपेक्षा मोठा, दाबाने वाफ करणारा बॉयलर सहसा बॉयलर कायद्यात येतो. १९२३चा कायदा जाऊन आता २०२५चा आला आहे, पण नोंदणी, तपासणी आणि प्रमाणपत्राची गरज तशीच आहे. भोंगा बदलण्यासाठी बॉयलरच्या अंगाला नवं भोक पाडायचं असेल तर बाष्पके संचालनालयाला विचारल्याशिवाय वेल्डरला हात लावू देऊ नका. आहे त्याच डब्यावर नवा फ्लोट किंवा प्रोब बसत असेल तर हे काम पॅनेलवाला एका दिवसात करून देतो. त्याच्याकडून दोन गोष्टी लिहून घ्या: प्रोबची वायर तुटली तर भोंगा वाजेल, आणि लाईट गेली तरी वाजेल. तो निघायच्या आधी त्याच्यासमोर वायर काढून आणि मेन स्विच पाडून दोन्ही करून बघा.