भेगाळलेल्या चुनखडकात सोडलेला गॅस भेगांतूनच पळून जाणार नाही का?

शंका रास्त आहे. तुमचं म्हणणं असं की तेलाच्या साठ्यात भेगाच भेगा असतील तर वरून सोडलेला गॅस त्यांतून थेट विहिरीत येईल, मग तेल ढकलणार कोण? मी रिझर्व्हॉयर इंजिनीअर, म्हणजे जमिनीखालच्या तेलसाठ्यांचा अभियंता आहे. आमच्या मीटिंगांतही हा प्रश्न अजून निघतो.

गंमत अशी की तिथं गॅस तेलाला फारसं ढकलतच नाही. तेल स्वतःच्या वजनानं उतरतं, गॅस त्याची जागा घेतो.

भेगांत तेल थोडंच असतं. बहुतेक तेल भेगांमधल्या दगडी ठोकळ्यांच्या बारीक छिद्रांत अडकलेलं. चुनखडक बरेचदा तेलाला धरून बसतो आणि पाण्याला आत घेत नाही, म्हणून पाणी सोडलं तर ते भेगांतून निघून जातं आणि ठोकळे तसेच राहतात. गॅसनं भेगांतलं तेल खाली सरकलं की ठोकळ्याभोवती सगळीकडे गॅस येतो. मग फडक्यात टांगलेल्या दह्यातून पाणी गळावं तसं आतलं तेल गळू लागतं, खालच्या ठोकळ्यात मुरतं, तिथून पुन्हा गळतं.

हा जोर किती, ते बघा. ठोकळा ३ मीटर उंच आणि तेल-गॅसच्या घनतेत घनमीटरला ५५० किलोचा फरक धरला, तर दाब मिळतो जेमतेम ०.१६ बार. छिद्रं फार बारीक असली तर केशाकर्षणच (बारीक छिद्रांची द्रव धरून ठेवणारी ओढ) तेवढा दाब खाऊन टाकतं आणि तेल जागचं हलत नाही. म्हणून मी आधी ठोकळ्यांची उंची विचारतो, बाकीचं नंतर. दुसरी गोष्ट वेगाची. ठोकळे गळतात त्याहून जास्त तेल उपसलं की भेगांतली गॅसची सीमा झपाट्यानं खाली येते, आणि तुम्ही म्हणता तेच घडतं.

इराणमधल्या हफ्त केल या तेलक्षेत्राच्या अस्मारी चुनखडकात १९७६ पासून गॅस सोडला गेला; या विषयात त्याचा दाखला हटकून देतात. मेक्सिकोच्या कांतारेल तेलक्षेत्रात मे २००० पासून नायट्रोजन सोडला, दिवसाला सुमारे १२० कोटी घनफूट. उत्पादन २००४ च्या सुमारास रोज २१ लाख बॅरलवर गेलं आणि २०१२ मध्ये पाच लाखांच्याही खाली आलं. लोक नायट्रोजनला बोल लावतात. मला ते पटत नाही: गॅसखालचा तेलाचा थर पातळ होणं अटळच होतं, किती लवकर ते मात्र उपशानं ठरवलं.

मुंबई हायचा खडकही चुनखडकच, पण थराथरांचा, आणि दाब टिकवायला तिथं मुख्यतः पाणी सोडतात. तिथल्या विहिरींत गॅस सोडतात तो गॅस लिफ्टसाठी, म्हणजे नळीतलं तेल हलकं करून वर आणायला. साठ्यात गॅस सोडण्याशी त्याचा संबंध नाही, बातम्यांत मात्र दोन्हींची सर्रास सरमिसळ असते.