टेस्लाच्या शोरूमसमोर अमेरिकेत निदर्शनं का झाली? विक्रीवर खरंच परिणाम झाला का?

राग टेस्लाचा प्रमुख इलॉन मस्कवर होता, गाडी मधल्या मधे सापडली. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारच्या खर्चकपातीची, म्हणजे ‘डोज’ची, सूत्रं मस्ककडे आली आणि हजारो सरकारी नोकऱ्यांवर गदा आली. लोक फलक घेऊन शोरूमसमोर उभे राहिले. काही टेस्लामालकांनी तर ‘मस्क वेडा व्हायच्या आधी घेतलेली गाडी’ अशा अर्थाचे स्टिकर चिकटवले! ट्रम्प यांनी मार्चमध्ये थेट व्हाइट हाऊससमोर टेस्ला उभ्या करून जाहिरातच केली म्हणा ना.

पहिल्या तिमाहीत जगभरातली डिलिव्हरी आदल्या वर्षीच्या सुमारे ३.८७ लाखांवरून ३.३७ लाखांवर आली, साधारण १३ टक्के घट. पण सगळं खापर बहिष्कारावर फोडू नका. टेस्लाच्या नव्या ‘मॉडेल वाय’ गाडीसाठी कारखान्यांतलं उत्पादन तेव्हाच काही आठवडे अडलं होतं, शिवाय बीवायडीसारख्या चिनी इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपन्यांची स्पर्धा होतीच.