यहुदी लोक दर आठवड्याला तोराचा ठरलेला भाग वाचतात. त्यातून आध्यात्मिक बोध नेमका कसा घेतात?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की उत्सुकतेनं मराठी बायबलमधलं 'निर्गम' वाचायला घेतलं, मिसरातून सुटकेपर्यंतचा भाग झपाट्यानं वाचून झाला आणि मग देवासाठी उभारायच्या तंबूचं वर्णन, म्हणजे पडद्यांची लांबी-रुंदी, खांबांच्या बैठका, याजकांचे झगे सुरू झाले तसं पुस्तक मिटून ठेवलं. यात अध्यात्म कुठं आहे, असा तुमचा प्रश्न. तो रास्त आहे. मी ठाण्याचा, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातला. आमचं 'शआर हाशामाईम' सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) १८७९ सालचं आहे आणि तिथल्या बाकांवर बसून ही वाचनं ऐकतच मी मोठा झालो. पडद्यांच्या मापांशी माझंही बरंच भांडण झालेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर. बोध काढायच्या मागे लागायचं नाही. ठरलेला भाग जसा येईल तसा पूर्ण वाचायचा, त्यात कुठं अडखळायला होतं ते पाहायचं आणि त्या जागी आठवडाभर थांबायचं. जे काही हाती लागतं ते बहुधा तिथंच लागतं.

पद्धत थोडक्यात सांगतो. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद. त्यांचे ५४ भाग आहेत, एका भागाला पाराशा म्हणतात. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी सकाळी, त्या आठवड्याची पाराशा सेफेर तोरामधून, म्हणजे तोराच्या गुंडाळीतून, मोठ्यानं वाचतात. सात जणांना एकेक करून वर बोलावलं जातं आणि शेवटी नबींच्या (संदेष्ट्यांच्या) पुस्तकातला त्या भागाशी जुळणारा उतारा होतो, तो हफ्तारा. बऱ्याच वर्षांत शनिवार कमी पडतात, तेव्हा काही पाराशा जोडून वाचतात. सिम्हाथ तोराच्या सणाला अनुवादाचा शेवट होतो आणि त्याच दिवशी उत्पत्तीची पहिली ओळ पुन्हा सुरू होते, मध्ये एका दिवसाचीही सुट्टी नाही. सेफेर चर्मपत्रावर हातानं लिहिलेलं असतं. त्यात स्वरांच्या खुणा नसतात, विरामचिन्हं नसतात, चालही दिलेली नसते. वाचणारा आठवडाभर तयारी करून येतो, तरी एखादा उच्चार घसरला की समोर छापील पुस्तक उघडून बसलेल्यांपैकी दोघे-तिघे तिथल्या तिथं मोठ्यानं दुरुस्त करतात. लहानपणी मला यात वाचणाऱ्याचा अपमान वाटायचा. आता वाटतं, वाचन सगळ्यांचं आहे हे याहून चांगलं कसं सांगता येईल?

ठाण्यात जो भाग वाचला जातो तोच त्या शनिवारी इस्राएलमधल्या अश्दोद आणि बेर शेवात राहणारे आमचे मराठी बोलणारे नातेवाईक वाचत असतात. (पेसाह, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाचा आठवा दिवस शनिवारी आला की इस्राएलबाहेरचे आम्ही काही आठवडे मागे पडतो. मग फोनवर 'तुमची कुठली पाराशा?' हा प्रश्न हमखास येतो.)

घरी वाचायचीही रीत आहे. तालमूदात, म्हणजे जुन्या धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, सांगितलंय की मंडळीबरोबर प्रत्येकानं पाराशा पुरी करावी, मूळ दोनदा आणि भाषांतर एकदा. तेव्हा भाषांतर अरामी असायचं, कारण लोकांना तीच भाषा कळायची. आमच्या पूर्वजांना मराठी कळायची. एकोणिसाव्या शतकात जोसेफ एझकिएल राजपूरकरांनी प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली, आणि १८८०च्या सुमारास बेने इस्राएल कीर्तनकार उभे राहून अब्राहाम आणि योसेफाची आख्यानं साक्या-दिंड्यांत गाऊ लागले. कीर्तनाची आठवण मुद्दाम काढली, कारण मराठी माणसाला फरक त्यातून चटकन कळेल. कीर्तनात पूर्वरंगात बुवा तत्त्व मांडतात आणि उत्तररंगात त्याला साजेसं आख्यान लावतात. पाराशेत क्रम उलटा असतो. आख्यान आधी समोर येतं, तेही आपण न निवडलेलं, आणि त्याचा पूर्वरंग ज्याचा त्यानं शोधायचा असतो.

उदाहरणाला 'वायेरा' घेतो. उत्पत्तीची १८ ते २२ ही पाच प्रकरणं.

भर उन्हात आमचा मूळपुरुष अब्राहाम तंबूच्या दाराशी बसलाय. देव त्याला दर्शन देतो. तेवढ्यात समोर तीन अनोळखी माणसं दिसतात आणि अब्राहाम उठून त्यांच्याकडे धावतो. म्हणजे साक्षात देवाला थांबवून! तालमूदातल्या राब्बींनी (धर्मगुरूंनी) हे नेमकं हेरलं आणि म्हटलं, पाहुण्यांचं आदरातिथ्य देवाच्या दर्शनाहून मोठं. पुढं बघा. अब्राहाम पाहुण्यांना म्हणतो, थोडं पाणी आणतो, भाकरीचा तुकडा आणतो. प्रत्यक्षात बायकोला, साराला, सपिठाच्या तीन मापांच्या भाकरी करायला सांगतो, स्वतः गुरांकडे पळत जाऊन चांगलं वासरू निवडतो, दही-दूध आणतो आणि ते जेवेपर्यंत झाडाखाली त्यांच्याजवळ उभा राहतो. बोलला तुकडा, वाढलं पंगतीचं जेवण. इतपत बोध पहिल्या वाचनात कुणालाही मिळतो आणि तो चांगलाच आहे.

पण पाराशा तिथं संपत नाही, आणि पूर्ण वाचायच्या शिस्तीचं मोल इथं कळतं. लगेच पुढं देव सांगतो की सदोम नगराचा नाश होणार आहे. अब्राहाम देवाशी वाद घालतो. सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय, असं तोंडावर विचारतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? घासाघीस करत दहावर येतो. दहाही सापडत नाहीत. दुसऱ्या दिवशी अब्राहाम मोठ्या पहाटे उठतो आणि लांबून सदोमचा धूर पाहतो.

दोन प्रकरणांनंतर दासी हागार आणि तिचा मुलगा इश्माएल यांना घराबाहेर काढायची वेळ येते. इश्माएल अब्राहामाचाच मुलगा. त्याला वाईट वाटतं असं मजकूर सांगतो, पण तो वाद घालत नाही. मोठ्या पहाटे उठतो, भाकरी आणि पाण्याची कातडी पिशवी हागारच्या खांद्यावर देतो आणि दोघांना पाठवून देतो. पुढच्या प्रकरणात साराच्या मुलाचं, इसहाकाचं, अर्पण कर अशी आज्ञा येते. तिथंही अब्राहाम मोठ्या पहाटे उठतो आणि गाढवावर खोगीर घालतो.

एकाच पाराशेत तीन पहाटा. सुट्या गोष्टी म्हणून वाचल्या तर हे कधीच दिसत नाही. परक्या शहरासाठी देवाशी भांडणारा माणूस स्वतःच्या दोन्ही मुलांच्या वेळी गप्प का? वर्षानुवर्षं ही पाराशा माझ्यासाठी म्हणजे हा एकच प्रश्न आहे.

फ्रान्समधल्या त्रोआ गावचा राशी, अकराव्या शतकातला आमचा सर्वांत जवळचा भाष्यकार, इथं मला हात देतो. देव म्हणतो, तुझा मुलगा, तुझा एकुलता, ज्याच्यावर तुझं प्रेम आहे तो, इसहाक. एवढं लांबवून का सांगितलं? राशी जुन्या मिद्राशातला, म्हणजे राब्बींच्या तोरावरच्या कथा-भाष्यातला, संवाद पुढं ठेवतो. 'तुझा मुलगा.' 'मला दोन आहेत.' 'एकुलता.' 'हा त्याच्या आईचा एकुलता, तो त्याच्या आईचा.' 'तुझं प्रेम आहे तो.' 'माझं दोघांवरही आहे.' 'इसहाक.' म्हणजे राब्बींनाही ती शांतता सहन झाली नाही. त्यांना त्यात एक बाप ऐकू आला, जो एकेका शब्दाला अडून वेळ काढतोय. माझा प्रश्न यानं सुटत नाही. पण घरात वडीलधारा माणूस कठीण प्रसंगी काही बोलत नाही, तेव्हा त्याच्या मनात काहीच चाललेलं नाही असं मी आता धरून चालत नाही. हे मला वायेरानं दिलं.

आणि हागार. वाळवंटात पाणी संपतं, ती मुलाला झुडपाखाली ठेवते आणि त्याचं मरण बघवणार नाही म्हणून बाणाच्या टप्प्याएवढी लांब जाऊन बसते. देव मुलाचा आवाज ऐकतो, 'तो जिथं आहे तिथून'. यावरून राब्बी म्हणतात, माणसाचा न्याय तो या घडीला कसा आहे त्यावरून व्हावा; उद्या तो काय करील यावरून होऊ नये. घराबाहेर काढलेल्या दासीची ही कहाणी आम्ही रोश हाशानाला, वर्षाच्या पहिल्या दिवशी, पुन्हा वाचतो. वर्षारंभाला अब्राहामाच्या थोरवीचा एखादा प्रसंग निवडता आला असता. ज्यांनी हागार निवडली त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

आता तुमच्या पडद्यांकडे आणि खांबांकडे येतो. निर्गमाच्या शेवटी 'पेकुदे' नावाची पाराशा आहे. ती चक्क जमाखर्च आहे. सोनं किती आलं, चांदी किती, पितळ किती. चांदी आली १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल (ही तेव्हाची वजनं). पुढं हिशोब दिलाय की ६,०३,५५० पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल दिला. कागद-पेन्सिल घ्या. निम्मे केले की ३,०१,७७५ होतात, एका किक्कारचे ३,००० शेकेल, म्हणजे आकडा बरोबर जुळतो. मग खर्च. शंभर किक्कारांच्या शंभर बैठका झाल्या आणि उरलेल्या १,७७५ शेकेलांच्या खांबांच्या आकड्या, म्हणजे हुक.

मिद्राश सांगतं की लोक मोशेच्या पाठीमागं कुजबुजत होते, एवढं सोनं-चांदी हातातून गेल्यावर हा श्रीमंत होणारच. मोशेनं ठरवलं की काम पूर्ण होताच सगळ्यांसमोर हिशोब देईन. देताना चांदीचे १,७७५ शेकेल कुठं गेले ते त्याला आठवेना. तो घाबरला, आणि मग खांबांवर नजर गेली तेव्हा आकड्या दिसल्या. ज्याच्याशी देव समोरासमोर बोलतो तो माणूस खांबांच्या हुकांचा हिशोब लागेना म्हणून घाबरतो, हे मला फार मोलाचं वाटतं. सार्वजनिक पैशाला हात लावणाऱ्या प्रत्येकानं वर्षातून एकदा ही पाराशा वाचावी. तुम्ही जिथं पुस्तक मिटलंत तिथून ती थोडीच पुढं होती.

काही पाराशांना त्यांची वेळ यावी लागते. लेवीयातल्या 'तझरिया' आणि 'मेत्झोरा' म्हणजे कातडीवरचे डाग, कपड्यावरची बुरशी, भिंतीवरचे ओरखडे. बार मिट्झवाच्या (तेराव्या वर्षी होणाऱ्या विधीच्या) मुलाच्या वाट्याला त्या आल्या की घरचे हळहळतात. २०२०मध्ये या जोडून आलेल्या पाराशांचा शनिवार २५ एप्रिलला पडला. सिनेगॉग बंद, लोकल बंद, मी घरी एकटा वाचत होतो. डाग संशयास्पद असेल तर कोहेननं, म्हणजे याजकानं, त्या माणसाला सात दिवस वेगळं ठेवावं, मग पुन्हा पाहावं, तरी स्पष्ट झालं नाही तर आणखी सात दिवस. राब्बी या रोगाचा संबंध चहाडीशी जोडतात, ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र साधा अर्थच अंगावर आला. आणि पुढची ओळ, जी मी त्याआधी नुसती वाचून सोडून देत असे: कोहेननं छावणीबाहेर जाऊन त्याला पाहावं. आजारी माणसाला आत यायला मनाई आहे, पण म्हणून सगळ्यांत मानाच्या माणसानं त्याच्याकडे चालत जायचं. आमच्या मजल्यावर तेव्हा एका दारावर विलगीकरणाचा कागद चिकटवलेला होता. वाचन संपवून मी त्यांना फोन केला आणि पुढं त्यांचं दूध दाराशी नेऊन ठेवायला लागलो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दर शुक्रवारी दुपारी मोबाइलवर फिरणारे 'या पाराशेचा बोध' छापाचे तीन ओळींचे संदेश मला आवडत नाहीत. विश्वास ठेवा, संयम बाळगा, कुटुंब जपा. हे सांगायला तोरा लागत नाही. त्यात अडखळण्याची जागाच काढून टाकलेली असते. नेहामा लाइबोविट्झ या शिक्षिकेनं १९४२पासून सुमारे तीस वर्षं दर आठवड्याला पाराशेवरचं एक पत्रक काढलं. त्यात मुख्यतः प्रश्न असत. लोक उत्तरं टपालानं पाठवायचे आणि नेहामा ती लाल शाईनं तपासून परत करायची. राशी वाचताना तिचा ठरलेला प्रश्न होता, राशीला इथं काय अडलं? हा प्रश्न मी तिच्याकडून उचलला आणि तो कुठल्याही ओळीला चालतो. आणि जिथं काहीच लागत नाही, उदाहरणार्थ गणनामधलं मिद्यानी लोकांचं युद्ध, बायका आणि मुलगे मारायची आज्ञा, तिथं मी ओढूनताणून गोड अर्थ लावत नाही. वाचतो, त्रास होतो, पुढच्या वर्षी पुन्हा वाचतो. तो त्रास होणं थांबू नये एवढंच वाटतं.

तुम्ही यहुदी नाही, त्यामुळे तुमच्यावर यातलं काहीच बंधन नाही; पण वाचायला कुणाची आडकाठीही नाही. या शनिवारची पाराशा कुठली ते हेबकॅल या संकेतस्थळाच्या कॅलेंडरवर दिसेल. मूळ मजकूर, इंग्रजी भाषांतर आणि राशीचं भाष्य सेफारिया या संकेतस्थळावर फुकट आहेत. मराठीसाठी तुमच्याकडचं बायबल पुरेल, फक्त प्रकरणांचे आकडे कुठं कुठं एखाद-दोन ओवींनी पुढं-मागं होतात. एका बैठकीत पूर्ण वाचा, मग फक्त खटकलेली ओळ वहीत लिहा आणि शनिवारपर्यंत दुसऱ्या कुणाशी तरी तिच्यावर बोला. आमच्यात जोडीनं शिकायची पद्धत आहे आणि ती उगाच पडलेली नाही. एकट्याला स्वतःचं उत्तर फार लवकर पटतं.

अगदी पहिल्यांदा करणार असाल तर चालू आठवडा सोडून वायेरा घ्या आणि हागारच्या प्रसंगापाशी थांबा. देवानं तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली, असं तिथं आहे. विहीर आधीपासून होती का, याबद्दल मजकूर काय सांगतो आणि काय सांगत नाही ते वेगवेगळं लिहून काढा. तुमची अडलेली ओळ खाली प्रतिसादात टाकलीत तर राशी आणि रांबान हा तेराव्या शतकातला भाष्यकार तिच्यावर काय म्हणतात ते मी शोधून लिहीन.