तुझ्या पीपीटीत माळी कुठाय?

अगं,

नाशिकच्या नव्या स्टेडियमवरची तुझी ती बेचाळीस स्लाइडची पीपीटी परवा रात्री शेवटपर्यंत बघितली आणि त्याखालचा मेसेजही वाचला. पीपीटीपेक्षा मेसेजच जास्त डोक्यात राहिला. "सर, नाशिकला आयपीएलची टीम येईल असं काही दिसत नाही, मग मी इथं थांबून काय करू, मुंबईची नोकरी घेऊन टाकू का?" दोन वेगळे प्रश्न तू एकाच दोरीत बांधलेस, आता गाठ सुटत नाही म्हणून कासावीस झालीस. फोन नाही केला कारण फोनवर मी चिडतो आणि तू गप्प होतेस, म्हणून लिहितोय.

तुझी तळमळ मला माहितीये, त्यावर शब्द खर्च करत नाही. स्लाइडवर येतो. चाळीस हजार खुर्च्या आहेत, पार्किंग आहे, कॉर्पोरेट बॉक्स आहेत, समृद्धी महामार्गावरून मुंबईचं पब्लिक कसं येईल त्याचा नकाशा आहे. माळी कुठाय? मैदान राखणारा माणूस? बेचाळीस स्लाइडमध्ये एकदा तरी माळी हा शब्द आलाय का? विकेटवर, म्हणजे खेळपट्टीवर, रोलर कोण फिरवणार, पाणी किती आणि कधी मारायचं हे कोण ठरवणार, जून ते सप्टेंबर आउटफिल्डचं, म्हणजे विकेटभोवतीच्या मैदानाचं, पाणी कुठं जाणार? मी दोनदा शोधलं. नाहीये.

तू म्हणशील सर परत तिथंच आले. हो, तिथंच येणार.

आधी टीमचं बोलू, कारण तुझा जीव तिथं अडकलाय. २०२१ मध्ये लखनौची टीम ७०९० कोटींना गेली. एवढे पैसे लावणारा माणूस गावाचं प्रेम बघून येत नाही, तो बाजार बघतो, आणि आपण मुंबई आणि पुणे दोन्हीच्या हाताच्या अंतरावर बसलोय. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तू लिहिलंस की आता मुंबईकर नाशिकला मॅच बघायला येईल. अगं तोच रस्ता नाशिककराला वानखेडेला घेऊन जातो ना. हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं, मीच आधी सांगायला हवं होतं.

आणि टीम आली म्हणजे राहते असं थोडंच आहे. पुण्याकडे बघ. आयपीएलची पुणे वॉरियर्स २०११ ला आली, २०१३ नंतर गेली. रायझिंग पुणे दोन सीझन खेळली, फायनलला पोचली आणि संपली. फुटबॉलमध्ये एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९, मग बंद. तीन टीम गेल्या, पण गहुंज्याचं स्टेडियम राहिलं, आणि २०२३ च्या वर्ल्ड कपच्या पाच मॅच तिथं झाल्या. त्याच गहुंज्यात २०१७ ला ऑस्ट्रेलियाची टेस्ट तीन दिवसांत संपली आणि आयसीसीनं विकेटला 'पुअर' शेरा मारला, म्हणजे एवढं देखणं स्टेडियम असूनसुद्धा लोकांच्या लक्षात काय राहिलं तर माती. सप्टेंबर २०२४ मध्ये ग्रेटर नोएडाला अफगाणिस्तान-न्यूझीलंड टेस्ट होती, पाच दिवसांत एक बॉल पडला नाही, कारण मैदान वाळेचना. टीम आल्या होत्या, कॅमेरे होते, स्टेडियम होतं. आणि बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमला २०१७ मध्ये जमिनीखालून पाणी ओढून घेणारी यंत्रणा बसवली, आता तिथं पाऊस थांबला की थोड्या वेळात खेळ सुरू होतो. तुझ्या ड्रेनेजला किती जागा दिलीस? अर्धी ओळ.

मग नाशिकला काहीच नाही का? आहे, आणि ते तुझ्या पीपीटीत बाराव्या स्लाइडवर एका कोपऱ्यात पडलंय. गुवाहाटी बघ, धरमशाला बघ, विशाखापट्टणम बघ. यांतल्या कोणाचीच स्वतःची आयपीएल टीम नाही, पण राजस्थान, पंजाब, दिल्ली आपल्या काही मॅच तिथं नेऊन खेळल्या. दुसरं घर म्हणतात त्याला. आपलं गाव त्या रांगेत उभं राहू शकतं, आज नाही पण राहू शकतं. त्याआधी एमपीएल आहे, आपली महाराष्ट्र प्रीमियर लीग. २०२३ पासून ईगल नाशिक टायटन्स नावाची टीम खेळतेय आणि मॅच कुठं, गहुंज्यात! आपल्या नावाची टीम आपल्याच गावात खेळत नाही, याचं वाईट वाटू दे, आयपीएलचं नंतर बघू. चार मॅच इथं आणायच्या तर दिवे लागतील, ड्रेसिंग रूम लागतील, सगळं लागेल, पण पहिला माणूस येऊन बघणार तो विकेटच. आधी माळी.

कबड्डीचं लिहिलंस ते मला पटलं, हॉल छोटा, खर्च कमी. पण २०२५ च्या सीझनला प्रो कबड्डी चारच शहरांत झाली आणि त्यात पुणे नव्हतं, पुण्याची पुणेरी पलटण ही टीम असूनसुद्धा. घरच्या मैदानाच्या भरवशावर हॉल बांधू नकोस एवढंच.

आता माझं. हे तुला कधी नीट सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या क्लबचा मी सेक्रेटरी होतो. आमच्याकडे एक म्हातारे माळीबुवा होते, शाळेची पायरी चढलेले नाहीत, पण सकाळी विकेटवर अंगठा दाबून सांगायचे, आज दुपारनंतर बॉल खाली राहील. आणि राहायचा. एका वर्षी आम्हाला पॅव्हेलियनचं वेड लागलं. वर्गणी काढली, घरोघर फिरलो, देणगीदार मिळाले, आणि पैसे कमी पडायला लागले तसा माळीबुवांचा पगार पुढं ढकलत गेलो. एक महिना, मग तीन, मग पाच. त्या कागदावर सही माझी आहे. ते एकदाही भांडले नाहीत. छाटणीच्या दिवसांत दिंडोरीकडे एका द्राक्षबागेत कामाला गेले ते परत आलेच नाहीत, आणि मी त्यांना आणायला गेलो नाही, कारण उद्घाटनाची पत्रिका छापायची होती.

पॅव्हेलियन झालं. संगमरवरी पाटी लागली, तिच्यावर माझं नाव आहे. पहिल्याच उन्हाळ्यात विकेटला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, दुसऱ्या वर्षी पोरं सिमेंटच्या विकेटवर खेळायला लागली, मग मैदान लग्नाच्या पार्किंगला द्यायला सुरुवात झाली. एक डावखुरा स्पिनर होता आमच्याकडे, सोळा वर्षांचा, सिमेंटवर त्याचा बॉल वळेना, त्यानं खेळ सोडला. तो आता भेटतो, नमस्कार करतो, आणि मला त्याच्या नजरेला नजर देता येत नाही.

म्हणून नंतर जेव्हा जेव्हा नव्या स्टेडियमची बैठक झाली तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, माळी किती आणि त्यांचा पगार कुठून. लोक म्हणाले सर आडवे पडतात, सरांना नवीन काही नको असतं, कोणी म्हणालं स्वतःच्या काळात जमलं नाही म्हणून जळतात. तूही ऐकलं असशील. आडवा पडलो हे खरंय. पण मला स्टेडियम नको असतं तर उन्हातान्हात तीस वर्षं या गावातल्या मैदानांवर उभा राहिलो नसतो. मला ते स्टेडियम हवंय ज्यात पाच वर्षांनी गवत असेल. आजही बैठक बोलावली तर हाच प्रश्न विचारीन, आणि उत्तर मिळालं नाही तर परत आडवा पडीन.

जानेवारी २०२५ ला गोल्फ क्लबवर महाराष्ट्र-बडोदा रणजी झाली तेव्हा तू स्कोअर बघत होतीस, मी लंचला विकेटवर वाकलेल्या माणसांकडे बघत होतो. हुतात्मा अनंत कान्हेरेंच्या नावाचं ते मैदान, कडेनं माणसं सकाळ-संध्याकाळ चकरा मारतात, आणि तिथं रणजी होते म्हणजे नाशिकमध्ये विकेट राखणारे हात अजून आहेत. त्यातल्या एकाचं तरी नाव तुला माहितीये का? सत्यजित बच्छाव, माया सोनवणे या आपल्या नाशिकच्या स्पिनरांची नावं तुला पाठ आहेत, असायलाच हवीत. पण स्पिनर आकाशातून पडत नाही पोरी, त्याला बॉल वळणारी माती लहानपणी मिळावी लागते. आपला रोइंगवाला दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातला, त्याच्या हातात वल्हं दिलं ते लष्करानं, पुण्यात. लष्करात गेला नसता तर? मला रात्री असले प्रश्न पडतात.

नोकरीचं सांगतो. जा. मला तू इथं हवी आहेस, तरी सांगतो जा. फक्त मार्केटिंगचं टेबल घेऊ नकोस, ते तुला बोलायला शिकवतील आणि बोलता तुला आधीच येतं. त्यांना सांग, व्हेन्यू ऑपरेशन्सला, म्हणजे मैदान चालवणाऱ्या कामाला, टाका. मॅचच्या आदल्या रात्री कव्हर कोण ओढतं, पाणी शोषणारा सुपर सॉपर कधी काढतात, क्युरेटर, म्हणजे विकेट तयार करणारा, आणि कॅप्टन काय बोलतात, पिचच्या मातीत चिकणमाती किती धरतात, आउटफिल्डखाली वाळूचा थर किती, हे बघ. पगार थोडा कमी देतील, घे. बीसीसीआय क्युरेटर तयार करते, त्यांच्यातल्या कोणाशी तरी ओळख काढ. दोन-तीन वर्षं कर आणि मग ही पीपीटी परत उघड. आणि नाही म्हणाले तर मला कळव, मग वेगळा विचार करू, पण मार्केटिंगला हो म्हणून येऊ नकोस.

जायच्या आधी एक काम आहे. आपल्या मैदानावर नवीन आलेले माळीदादा सकाळी सहाला पाणी मारतात. गुरुवारी ये. वही आण, मोबाईल नको, मातीच्या हातानं तो घेता येत नाही. ते कुठली माती कुठून आणतात, दिवसाला किती वेळ रोलर, कुठल्या महिन्यात गवत किती ठेवतात, सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घे. आधीच्या माळीबुवांचं मी काहीच लिहून घेतलं नव्हतं. आणि स्पाइक्स घालून येऊ नकोस, विकेट ओली असेल.

तुझा,
सर